तूप कमी केले, तर त्याच्या जागी काय आले?

वाचकाचे पत्र (सारांश): इंदूरच्या एका पन्नाशीतील शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. घरात सासू-सासरे, पती आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा आहे. सासऱ्यांना १९९९ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरातले तूप जवळजवळ बंद झाले आणि स्वयंपाक सोयाबीनच्या तेलात होऊ लागला. आता मुलगा अमेरिकेच्या नव्या आहार-मार्गदर्शिकेतला उलटा पिरॅमिड दाखवून म्हणतो, की लोणी आणि साय न काढलेले दूध पुन्हा चालते, धान्य मात्र तळाच्या निमुळत्या टोकाशी गेले. तो जिममध्ये जातो आणि प्रोटीन पावडर घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची पुस्तिका नेमकी तीच टाळायला सांगते. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही तुपावरच वाढलो, तुम्ही उगाच माणसाच्या तोंडचा घास काढलात.’ पतींची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. ‘हे सगळे शास्त्र कंपन्यांनी विकत घेतले आहे’ असे सांगणारे व्हिडिओ पाहून त्यांनी दीड महिन्यापासून कोलेस्टेरॉलची गोळी सोडली आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, की त्यांची स्वतःची एचबीएवनसी (रक्तातील साखरेची तपासणी) ६.१ आली आहे, ‘पण या वयात एवढे चालायचेच’. त्यांचे प्रश्न दोन आहेत: इतकी वर्षे मी सासऱ्यांवर अन्याय केला का, आणि यापुढे स्वयंपाकघरात कोणाचे ऐकायचे?

उत्तर:

ताई, तुमच्या दोन प्रश्नांकडे वळण्याआधी, ज्या गोष्टीबद्दल तुम्ही काही विचारलेलेच नाही तिच्याबद्दल आधी लिहिते, कारण तिला उशीर चालणार नाही. तुमच्या पतींनी बंद केलेली गोळी हा आहाराच्या वादाचा भाग नाही. ज्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे, त्याने स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची गोळी, घ्यावे की नाही, याचे उत्तर कोणत्याही देशाच्या आहार-मार्गदर्शिकेतून येत नाही. ते औषधांच्या चाचण्यांतून येते आणि त्या चाचण्या पक्क्या आहेत. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ४,४४४ हृदयरुग्णांपैकी अर्ध्यांना सिमव्हास्टॅटिन आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली, आणि कोणाला काय मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले गेले. सुमारे साडेपाच वर्षांत औषध न मिळालेल्या गटात २५६ मृत्यू झाले आणि औषध मिळालेल्या गटात १८२. त्यानंतर झालेल्या अनेक चाचण्यांनी हाच निष्कर्ष भक्कम केला आहे. गोळीने अंग दुखत असेल, साखर वाढण्याची भीती वाटत असेल किंवा रोजची गोळी घेण्याचाच कंटाळा आला असेल, तर ते सगळे हृदयरोगतज्ज्ञांना सांगण्यासारखे आहे, कारण मात्रा बदलता येते आणि औषधही बदलता येते. पण डॉक्टरांना न सांगता गोळी सोडून दीड महिना झाला आहे, तेव्हा याच आठवड्यात त्यांना भेटा.

आता आहाराच्या शास्त्राकडे येऊ. इथे गोंधळ जास्त का, हे समजून घेतले तर तुमचा अर्धा त्रास कमी होईल असे मला वाटते. गोळीच्या चाचणीत कोणाला गोळी मिळाली आणि कोणाला नाही, हे नक्की माहीत असते. आहाराचे तसे नसते. वीस-वीस वर्षे लोकांना ठरवून दिलेले अन्नच खायला लावता येत नाही, म्हणून संशोधक हजारो माणसांना प्रश्नावली देतात, ती माणसे आठवून उत्तरे लिहितात, आणि पुढे कोणाला कोणता आजार झाला हे पाहिले जाते. जो माणूस भाज्या जास्त खातो तो बहुधा चालतोही जास्त आणि तंबाखूही खात नाही, तेव्हा श्रेय नक्की कोणाचे हे वेगळे काढणे अवघड जाते. यातून दिशा कळते, पण प्रत्येक पदार्थावर चांगला किंवा वाईट असा शिक्का मारता येत नाही. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांना मात्र कोट्यवधी लोकांसाठी चार सोपी वाक्ये लिहावी लागतात, आणि पुराव्याची शंका त्या वाक्यांत उरत नाही.

तुमच्या पतींचा आरोप मी सरसकट खोडून काढणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकार आणि आहार यांचा आढावा घेणारा लेख आला होता. त्याने साखरेचा दोष हलका करून चरबीकडे बोट दाखवले, आणि त्या लेखासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते, हे २०१६ मध्ये जुन्या कागदपत्रांतून उघड झाले. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमधील मॅकगव्हर्न यांच्या पोषणविषयक समितीने लोकांना मांस कमी खाण्याचा सल्ला दिला, तेव्हा मांस-उत्पादक चवताळले आणि वर्ष संपायच्या आत त्या वाक्याची धार बोथट करण्यात आली. पण हाच निकष घरात पुढे केला जाणाऱ्या नव्या पिरॅमिडलाही लावावा लागतो. जानेवारी २०२६ मध्ये आलेल्या त्या मार्गदर्शिकेसाठी पुराव्याचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांपैकी काहींचे गोमांस आणि दुग्ध उद्योगांशी आर्थिक संबंध होते, आणि ते तिच्यासोबतच्या कागदपत्रांतच नोंदलेले आहे. पैशाचा प्रभाव हा संशयाचा आधार असेल, तर तो संशय ‘लोणी वाईट’ म्हणणाऱ्यांपाशी थांबू शकत नाही. ‘लोणी चांगले’ म्हणणाऱ्यांवर आणि व्हिडिओच्या शेवटी स्वतःची पावडर विकणाऱ्यांवरही तो घ्यावा लागतो. सगळेच संशयास्पद ठरल्यावर मनाला आवडते तेवढे खरे मानायचे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि नवी मार्गदर्शिका खरोखर काय म्हणते, तेही पाहायला हवे. चित्र उलटे झाले आहे, स्वयंपाकासाठी लोण्याचा पर्याय उघडपणे दिला आहे, साय न काढलेल्या दुधाला मान मिळाला आहे, हे सगळे खरे. पण संतृप्त चरबी (तूप, लोणी, साय यांत जास्त असते ती) रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, ही जुनी मर्यादा त्याच मार्गदर्शिकेने तशीच ठेवली आहे. आता हिशेब करून पाहा. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे सुमारे २२ ग्रॅम संतृप्त चरबी. ६ टक्के स्निग्धांशाचे ३०० मिलिलिटर दूध घेतले, तर त्यातच ११ ग्रॅमच्या आसपास संतृप्त चरबी येते. त्यावर मोठा चमचाभर, म्हणजे १४ ग्रॅम तूप घेतले की आणखी ८ ते ९ ग्रॅमची भर पडते. फोडणीचे तेल, पोह्यांवरची शेव आणि चहातले दूध मोजायच्या आधीच मर्यादा गाठत आली. म्हणजे चित्र एक सांगते आणि आकडा दुसरे, आणि तुमच्या मुलाने फक्त चित्र पाहिले आहे. ही विसंगती त्या मार्गदर्शिकेची आहे आणि अनेक पोषणतज्ज्ञांनी तिच्यावर टीका केली आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर १९८० च्या पहिल्या अमेरिकी मार्गदर्शिकेपासून आजपर्यंत साखर कमी, मीठ कमी, वजन आटोक्यात आणि संतृप्त चरबीला मर्यादा, एवढा गाभा हललेला नाही. हलले आहे ते कडेकडेचे. अंड्यांचेच पाहा. १९६८ मध्ये अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने आठवड्याला तीनच पिवळ्या बलकांची मुभा दिली होती, आणि अन्नातील कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ च्या मार्गदर्शिकेतून काढून टाकण्यात आली.

मला या सगळ्या वादात एक प्रश्न सर्वांत उपयोगी वाटतो, आणि तो तुमच्या घरात कोणीच विचारलेला दिसत नाही. एखादा पदार्थ कमी केला, तर त्याच्या जागी ताटात काय आले? माणूस जेवढे खातो तेवढे साधारणपणे खातच राहतो. एक काढले की दुसरे येते, आणि फायदा की तोटा हे बरेचसे त्या दुसऱ्यावर ठरते. अमेरिकेने १९९२ मध्ये जो पिरॅमिड काढला, त्याच्या पायाशी पाव, भात आणि धान्याचे दिवसाला ६ ते ११ भाग होते आणि चरबी सगळीच टोकाला, थोडीशी होती. लोकांनी आणि कंपन्यांनी त्याचा अर्थ असा लावला की चरबी नसलेले बिस्किट कितीही खावे. २००६ मध्ये तिथल्या सुमारे ४९,००० स्त्रियांवरच्या चाचणीचे निकाल आले. चरबी एकंदर कमी करून धान्य, भाज्या, फळे वाढवायला सांगितलेल्या गटात आठ वर्षांनी हृदयविकार लक्षणीय कमी झालेला दिसला नाही. याउलट, लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत असे दिसते, की संतृप्त चरबीच्या जागी असंतृप्त तेले (सोयाबीनसारखी) किंवा अख्खी धान्ये आली तर हृदयविकाराचा धोका कमी आढळतो, आणि मैदा-साखर आली तर तसा आढळत नाही. चाचण्यांचा २०२० मधला एक मोठा आढावाही सांगतो, की संतृप्त चरबी किमान दोन वर्षे कमी केल्यावर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्या, पण एकूण मृत्यूंवर स्पष्ट परिणाम दिसला नाही. विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे. मिनेसोटात मनोरुग्णालयांतील आणि एका वृद्धाश्रमातील ९,४२३ जणांवर मक्याच्या तेलाचा प्रयोग झाला होता. त्याची जुनी आकडेवारी २०१६ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा कोलेस्टेरॉल उतरले होते, मृत्यू मात्र कमी झाले नव्हते. वाद खरा आहे तो इथे, आणि तो प्रामाणिक आहे.

आता तुमच्या सासऱ्यांचे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाचे तूप कमी केले आणि त्याच्या जागी सोयाबीनचे तेल आणले, जे बहुतांशी असंतृप्त आहे, तर ही अदलाबदल तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे योग्य होती आणि आजच्या ज्ञानाप्रमाणेही तिला दोष देता येत नाही. त्यांना त्यानंतर एवढे आयुष्य लाभले ते तुमच्या तेलामुळे, असे मी म्हणणार नाही. त्यात औषधे आहेत, नशीब आहे, त्यांचे चालणे-फिरणे असेल. पण अन्यायाला आधार कुठेच नाही. अन्याय झाला असता, तो तुपाऐवजी वनस्पती तूप वापरले असते तर. त्यातील ट्रान्स चरबी हृदयाला खरोखर घातक आहे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे, आणि आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. सासूबाई म्हणतात ते तुपाचे वैभव खरे असेलही, पण त्याच्या सोबतीला दळण, पाणी भरणे आणि मैलोन्‌मैल चालणेही होते. आज या वयात सासऱ्यांना वरण-भातावर लहान चमचाभर तूप हवे असेल, तर त्यात सुमारे ३ ग्रॅम संतृप्त चरबी असते. डॉक्टरांची हरकत नसेल तर ते आनंदाने वाढावे. या वयात भूक मंदावणे आणि स्नायू झडणे याची चिंता मला तुपापेक्षा जास्त वाटते. त्यांच्या ताटात वरण दाट आहे ना, दही-ताक आहे ना, एवढे आधी पाहा.

आणि आता तुमच्याबद्दल. पाच माणसांच्या ताटांचा हिशेब मांडताना तुम्ही स्वतःच्या रक्तातील साखरेला एक वाक्य दिलेत आणि ‘चालायचेच’ म्हणून तिला बाजूला सारलेत. ६.१ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, आणि ही ती वेळ आहे जेव्हा आहार आणि हालचाल यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. तूप की तेल यावर भांडण झाले, पण तुमच्यासाठी प्रश्न धान्याचा आहे. आपण माळव्यातली माणसे वर्षाचा शरबती गहू भरून ठेवतो, आणि पोळी म्हणजे निर्धोक असे गृहीत धरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या मधुमेहाविषयीच्या पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि पांढऱ्या तांदळाऐवजी अख्खा गहू किंवा भरडधान्य घेतले, पण एकूण कर्बोदके तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचे दिसले नाही. ऊर्जेचा ५ टक्के भाग कर्बोदकांकडून डाळी-कडधान्ये किंवा दूध-दही यांतील प्रथिनांकडे वळल्याचा संबंध मात्र कमी धोक्याशी दिसला. ही एका वेळची पाहणी आहे, चाचणी नाही, हे लक्षात ठेवूनही मी म्हणेन की तुमच्यासाठी दिशा स्पष्ट आहे. बैठे काम करणाऱ्या स्त्रीची गरज आपल्या परिषदेने सुमारे १६६० कॅलरी धरली आहे, तिचे ५ टक्के म्हणजे जवळजवळ एक पोळी. एक पोळी कमी, आणि त्या जागी २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी किंवा वाटीभर घट्ट दही, एवढाच बदल आहे. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, तीही दोनऐवजी तीन, असे केल्याने काही साधणार नाही.

मे २०२४ मध्ये आलेली आपली भारतीय मार्गदर्शिका, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेची तीच पुस्तिका, याच कारणासाठी मला अमेरिकेच्या पिरॅमिडपेक्षा तुमच्या जास्त कामाची वाटते, कारण ती पोळी-वरण-भात खाणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे. तिने २००० कॅलरींच्या ताटात कच्चे धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सांगितले आहे. एक दिवस स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पोहे, तांदूळ, कणीक आणि डाळ मोजून माणसी वाटून पाहा. बहुतेक मराठी घरांत धान्य बरेच जास्त आणि डाळ निम्म्याने कमी निघते असा माझा अंदाज आहे. तिच्यावरही टीका होते. धान्याचे प्रमाण अजूनही जास्तच आहे असे काही म्हणतात, आणि एवढी फळे-भाजी-दाणे किती घरांना परवडतील हा प्रश्न तर अगदी रास्त आहे. तुमच्या घराला परवडत असेल, तर तो अडथळा तुमच्यापुढे नाही.

मुलाच्या पावडरीवरून त्याच्याशी भांडू नका. आपल्या परिषदेचा रोजचा आकडा वजनाच्या प्रत्येक किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनांचा आहे. निरोगी माणसाला कमतरता भासू नये, यासाठी तो आहे. अमेरिकेने आता १.२ ते १.६ ग्रॅम म्हटले आहे. वजने उचलून स्नायू वाढवणाऱ्यांवरील चाचण्यांच्या २०१८ मधील एकत्रित अभ्यासात सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसला, त्यापुढे नाही. म्हणजे नियमित वजने उचलणाऱ्या मुलाने जास्त प्रथिने मागणे चूक नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेचा आक्षेप पावडरींवर आहे, कारण त्यांत साखर, कृत्रिम गोडी आणि स्वाद मिसळलेले असू शकतात. त्याला सांगा की ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि सोयाबीनवर संशोधन करणारी देशाची संस्था आपल्या इंदुरातच आहे. दूध, दही, पनीर, डाळी यांतून पोट भरूनही काही कमी पडले, तर साखर नसलेली पावडर थोडी घेतली म्हणून अनर्थ होत नाही. पण त्याचा पिरॅमिड वडिलांच्या ताटावर लागू होत नाही, हे त्याला नीट समजावून सांगायला हवे. बाविशीतल्या निरोगी मुलाला जे चालते, ते स्टेंट बसवलेल्या माणसाला चालेलच असे नाही.

बाहेरच्या खाण्याचा उल्लेख तुमच्या पत्रात ओझरताही नाही, म्हणून इथे लिहिते. जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार अशी बातमी देशभर पसरली होती. सरकारने खुलासा केला की कार्यालयांत पदार्थांतील लपलेले तेल आणि साखर दाखवणारे फलक लावण्याची ती सूचना होती, एखाद्या पदार्थावर शिक्का नव्हता. पोहे-जिलेबी रविवारची असेल तर ती बंद करण्याची गरज नाही, पण जेवणात रोज शेव असेल, तर घरातले तूप मोजण्यात अर्थ नाही. रोजच्या न्याहारीला पोहेच हवे असतील, तर उसळ-पोहे करा, आणि उसळ जास्त, पोहे कमी ठेवा.

‘कोणाचे ऐकायचे’ या प्रश्नामागे एक गृहीत आहे, की सगळ्या घरासाठी एकच निकाल लागला पाहिजे आणि तो तुम्ही एकटीने लावला पाहिजे. माझ्या मते दोन्ही गरजेचे नाही. भाजी-वरण-कोशिंबीर सगळ्यांची एकच असू द्या. तूप, पोळ्यांची संख्या आणि दह्याची वाटी ज्याच्या-त्याच्या तब्येतीप्रमाणे वेगळी असू द्या. जो नवा पुरावा घेऊन येईल, त्यानेच सांगावे की ती शिफारस कोणत्या वयाच्या, कोणत्या आजाराच्या माणसांसाठी आहे आणि कोणत्या पदार्थाच्या जागी काय सुचवते आहे. मुलगा हे शोधू शकतो, त्याला ते काम द्या. पतींनी व्हिडिओ पाहावेत, पण त्यांतला प्रश्न कागदावर लिहून हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवावा. अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनीही घरातला आजारी माणूस आणि निरोगी माणूस यांना एकाच बातमीने बांधू नये.

डॉक्टरांकडे जाताना तुम्हीही सोबत जा आणि गोळी कधी सोडली ते खरे सांगा. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर लिपिड (रक्तातील कोलेस्टेरॉल आणि चरबीची) तपासणी केव्हा करायची ते त्यांनाच विचारा. साधारणपणे ती एक ते तीन महिन्यांत करतात. तुमची एचबीएवनसी मागच्या सुमारे तीन महिन्यांची साखर दाखवते, म्हणून पोळीचा बदल आजपासून केलात आणि रोज जेवणानंतर थोडे चालणे ठेवलेत, तर तीन महिन्यांनी ती पुन्हा तपासा. त्या दिवशी पतींची लिपिड तपासणीही ठरवून घ्या, म्हणजे दोघांचे रक्त एकाच फेरीत दिले जाईल आणि तुमचा अहवाल मागे पडणार नाही.